झाड जगेल का ते नंतर बघू, आधी त्याचा पत्ता विचारा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताईंची जुळे सोलापुरात गच्चीवर चाळीसेक कुंड्यांची बाग आहे, त्यांना एका विक्रेत्यानं मोबाईलवर फोटो पाठवलाय, नारळाएवढा राखाडी कॅक्टस, जात कोपियापोआ सिनेरिया, वर काळे काटे, किंमत अठरा हजार, खाली लिहिलंय 'हॅबिटॅट प्लांट, ओरिजिनल चिली', म्हणजे थेट चिलीच्या रानातून आणलेलं. कागदपत्रं काही नाहीत. आणि तो म्हणतोय की तिकडं खाणी चालू आहेत, डोंगर पोखरतायत, आपण नाही उचललं तर जेसीबीखाली जाणारच, म्हणजे घेणारा एका अर्थी त्याला वाचवतोच. ताईंनी दोन गोष्टी विचारल्यात, सोलापूरच्या उन्हात ते जगेल का, आणि असं घेणं म्हणजे खरंच संवर्धन होतं का.

माझं उत्तर आधीच देऊन टाकतो, घेऊ नका. आता का ते सविस्तर सांगतो, कारण नुसतं 'नको' म्हटलं की माणूस दुसरीकडून घेतो हे मी बघितलंय.

एक गोष्ट आधी मोकळेपणानं सांगायला पाहिजे, मी स्वतः कॅक्टसची रोपं विकतो. सव्वीस वर्षं झाली, गच्चीवर सुरुवात केली, आता होटगी रोडच्या बाजूला शेडनेट आहे, सगळं बियांपासून केलेलं. म्हणजे तुम्ही त्याच्याकडून न घेता बियांचं रोप घेतलंत तर माझ्यासारख्यांचा फायदा आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा आणि पटेल तेवढंच घ्या.

तुम्ही विचारताय जगेल का. पण खरा प्रश्न वेगळा आहे. हे झाड कुठल्या डोंगरावरून, कुणी, कसं काढलं? जगण्या-मरण्याचं उत्तर मिळालं तरी याचं उत्तर मिळत नाही आणि सगळं तिथंच अडकलंय.

आता फोटोवरून मी शंभर टक्के सांगू शकत नाही की ते जंगलातूनच खणलंय. काही विक्रेते नर्सरीत वाढवलेल्या जुन्या झाडालाच 'हॅबिटॅट' म्हणून विकतात, कारण त्या शब्दाला भाव आहे. तसं असेल तर तो तुम्हाला फसवतोय पण डोंगर लुटत नाहीये. म्हणून आधी बघायचं कसं ते सांगतो, हे पुढंही कामाला येईल.

त्याला म्हणा कुंडीतून काढून बुडाचा आणि मुळांचा फोटो पाठव. नर्सरीत बियांपासून वाढलेलं झाड सगळीकडून सारखं गोल असतं, काटे शेंड्यापासून बुडापर्यंत जवळजवळ शाबूत, अंग तुकतुकीत, आणि मुळांचा बारीक केसाळ जुडगा कुंडीच्या आकारात बसलेला. डोंगरावर वाढलेलं झाड तसं नसतं. एका बाजूनं फुगीर, दुसऱ्या बाजूनं दबलेलं, कारण तिथं शेजारी दगड होता. बुडाला तपकिरी, सालीसारखा कडक भाग वर चढलेला. जुने काटे तुटलेले, झिजलेले. कुठं जनावरानं चावल्याचा जुना व्रण. धारा सगळ्या सारख्या नसतात, मध्येच एखादी आवळलेली असते, ते त्या झाडाचं दुष्काळी साल. आणि मुळं आखूड, कापलेली, त्यातून नवीन पांढरी मुळं फुटलेली किंवा अजिबात नाहीत. काट्यांच्या बुडाशी जो लोकरीसारखा पुंजका असतो ना, त्यात चिमटा घालून बघितलं की परकी माती सापडते. एवढं सगळं एकत्र दिसलं तर मी ते जंगलातलंच धरतो. एकटं एखादं लक्षण दिसलं तर नाही धरत, कारण आपल्या गच्चीवर उन्हात हाल झालेलं झाडही वाकडं-तिकडं होतं.

ही माती-चिमट्याची गोष्ट मी शिकलो ती एका झाडाचा जीव घेऊन. साधारण वीस वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसाकडून एक एरिओकार्पस घेतला, मेक्सिकोतला, दगडासारखा दिसणारा, जमिनीत बसलेला, बिनकाट्याचा. तेव्हाच्या मानानं पैसे बरेच मोजले. त्यानं सांगितलं 'जुन्या कलेक्शनमधला आहे', मी पुढं काही विचारलं नाही, विचारायचं नव्हतं मला. जून-जुलै बरा गेला, गणपतीनंतर आपल्याकडचा खरा पाऊस सुरू झाला, तीन दिवस हवा ओली, आणि एक दिवस हात लावला तर झाड मऊ. उपटून उभं चिरलं. आतून तपकिरी चिखल झाला होता, मुळ्यासारखं जाड मूळ खाली सपाट कापलेलं, कुदळीचा सरळ घाव, आणि त्या घावाच्या वर एका बेचक्यात फिक्या करड्या मातीचा गोळा घट्ट बसलेला. तो पाण्यात विरघळवला तर त्यातून तांदळाच्या कणीएवढा गोगलगायीचा शंख निघाला, पांढरा, आख्खा. ही माती माझी नव्हती, आपल्या काळ्या मातीशी तिचा काही संबंध नव्हता. तो शंख मी अजून काडेपेटीत ठेवलाय. त्या झाडाला माझ्याकडं ना लेबल होतं, ना गावाचं नाव, ना डोंगराचं, मेलं ते सोलापुरात पण त्याच्या डोंगरापुरतं ते कुदळ बसली त्याच दिवशी संपलं होतं. समजा ते बरं होऊन दहा वर्षं जगलं असतं, फुलंही आली असती माझ्याकडं, तरी त्या डोंगराच्या दृष्टीनं काही फरक नव्हता.

म्हणून मी म्हणतो झाडाचा पत्ता विचारा. माणसाचा पत्ता हरवला तर माणूस सापडणं अवघड, झाडाचं तसंच आहे.

आता कोपियापोआचं बघू. हे झाड रानात फक्त उत्तर चिलीत उगवतं, अटाकामाच्या वाळवंटाच्या समुद्राकडच्या पट्ट्यात. तुम्हाला दाखवलेली सिनेरिया ही जात टाल्टाल आणि पापोसो या तिथल्या किनाऱ्यावरच्या गावांच्या आसपासची, त्याचाच भाऊबंद पान दे अझुकार नॅशनल पार्कच्या बाजूला. तिथं वर्षानुवर्षं पाऊस पडत नाही. जगतं कशावर तर समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर, तिथले लोक त्याला कामांचाका म्हणतात. रात्री धुकं येतं, दगडावर, काट्यावर दव धरतं, तेवढ्यावर झाडाचं चालतं. अंगावरचा राखाडी रंग म्हणजे मेणाचा थर आहे, उन्हापासून बचाव आणि पाणी उडू नये म्हणून. वाढ इतकी सावकाश की नारळाएवढं झाड म्हणजे कित्येक दशकांचं, बहुतेक तुमच्या माझ्यापेक्षा मोठं. आणि बी दरवर्षी रुजत नाही, चांगलं ओलाव्याचं साल आलं तरच चार रोपं धरतात, ती पण शेळी-गाढवाच्या तोंडातून वाचली तर. म्हणजे मोठी झाडं ही तिथली बियाण्याची कोठी आहे. आपल्याकडं जुनी माणसं पेरणीपुरतं बियाणं कणगीत राखून ठेवायची, उपाशी राहिले तरी त्याला हात लावायचे नाहीत, ते आठवा. मोठं झाड उचलणं म्हणजे त्या कणगीलाच हात घालणं.

धोके एकच नाहीत. खाणी आहेत हे खरं आहे, विक्रेता तिथं खोटं बोलत नाहीये. रस्ते आहेत, वस्त्या वाढतायत, चरणारी जनावरं आहेत, धुक्याचं मान बदलतंय. पण त्याच्या जोडीला चोरी आहे, आणि ती गेल्या काही वर्षांत भलतीच वाढलीय. आययूसीएन म्हणजे धोक्यातल्या जातींची यादी ठेवणारी जागतिक संस्था, तिनं 2024 मध्ये परत मोजदाद केली तेव्हा कोपियापोआच्या 82 टक्के जाती धोक्यात निघाल्या, 2013 मध्ये हाच आकडा 55 टक्के होता. दहा-अकरा वर्षांत एवढी उडी. आणि त्याला सोशल मीडियावर दिसणारे फोटो आणि त्यातून युरोप-आशियात वाढलेली मागणी हे मोठं कारण सांगितलंय. आशियात म्हणजे आपण पण आलो त्यात.

इटलीतली केस तुम्ही ऐकली असेल-नसेल. 2020 च्या फेब्रुवारीत तिथल्या पोलिसांनी एका घरावर धाड टाकली, हजाराहून जास्त कॅक्टस सापडले, जवळजवळ सगळे चिलीतले, कोपियापोआ आणि एरिओसाइस (तोही चिलीतल्या कॅक्टसचाच एक गट). किंमत दहा लाख युरोच्या वर. त्यातले शंभरएक मेले, 84 मिलानमध्ये अभ्यासाला ठेवले आणि 844 झाडं 2021 मध्ये विमानानं परत चिलीला पाठवली. बातमी वाचून मला खरंच आनंद झाला होता. पण मग विचार करा, परत गेल्यावर लावणार कुठं? खोक्यात एकत्र बांधलेली झाडं, कुठलं कुठल्या डोंगरावरचं कुणी लिहून ठेवलेलं नाही. एका खोऱ्यातलं झाड दुसऱ्या खोऱ्यात लावलं तर तिथल्या झाडांशी संकर होतो, तिथलं मूळ वाण बिघडतं. शिवाय युरोपातल्या ग्रीनहाऊसमधली बुरशी, मिलीबग सोबत गेली तर जी झाडं तिथं सुखानं उभी आहेत त्यांनाच लागण. म्हणजे झाड देशात परत गेलं तरी घरी जाईलच असं नाही. पत्ता एकदा पुसला गेला की पोलीस, कोर्ट, शास्त्रज्ञ सगळे मिळून सुद्धा तो परत सहज लिहिता येत नाही.

तुमच्या विक्रेत्याचा 'वाचवतोय' वाला मुद्दा मी एकदम उडवून लावत नाही. खरी सुटका असते. धरण होणार असतं, रस्ता जाणार असतो, तेव्हा सरकारची परवानगी घेऊन वनस्पतीवाले लोक आधी जातात, एकेक झाड मोजतात, नंबर टाकतात, कुठं किती उंचीवर होतं ते लिहितात आणि मग काढून जवळच्याच सुरक्षित जागी किंवा बागेत नेतात. त्यात प्रत्येक झाडाचा कागद असतो. रात्री पोत्यात भरून, मुळं छाटून, कपड्यात गुंडाळून आणलेल्या झाडाला सुटका म्हणता येत नाही. आणि चोर खाणीच्या तोंडातलीच झाडं उचलतात असंही नाही, ते उचलतात सगळ्यात देखणी, सगळ्यात म्हातारी, जिथं गाडी जाते तिथली. त्याला विचारा की कुठल्या खाणीच्या जागेवरचं, परवानगी कुणाची. बोलणं तिथंच थांबेल.

बरं, 'खूप लोकांनी घरी लावलं की जात वाचते' असंही आपल्यात सर्रास म्हणतात. यात अर्धं खरं आहे. गोल्डन बॅरल घ्या, तो मोठा पिवळ्या काट्यांचा गोल, सासूची खुर्ची म्हणतात गमतीनं, सोलापुरात कुठल्याही नर्सरीत मिळतो, हॉटेलांच्या दारात असतो, जगभरात लाखोंनी तयार होतो. आणि तोच मेक्सिकोत रानात धोक्यात आहे. का, तर 1990 च्या दशकात झिमापान धरण झालं आणि केरेतारो-हिदाल्गोच्या हद्दीवरच्या ज्या दरीत तो होता तिचा बराच भाग पाण्याखाली गेला. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको, उजनीच्या पाण्याखाली गावं गेली, उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं आणि लोक बघायला जातात. देऊळ दगडाचं आहे म्हणून वर येतं. त्या दरीतले कॅक्टस वर येणार नाहीत.

म्हणजे घरोघरी कुंड्या असल्या म्हणून डोंगर वाचत नाही. पण चोरीचा जो भाग आहे तिथं मात्र बियांच्या रोपांनी खूप फरक पडू शकतो. 2015 मध्ये जगभरातल्या 1,478 कॅक्टस जातींचा आढावा आला होता, त्यात 31 टक्के जाती धोक्यात निघाल्या, आणि या धोक्यातल्या जातींपैकी 47 टक्क्यांवर शोभेच्या झाडांच्या व्यापाराचा आणि खासगी संग्रहांचा परिणाम दिसला. बाकी धोके शेती, गुरं, बांधकाम, हे तुमच्या-माझ्या हातात नाहीत. हा एक आहे.

कायद्याचं दोन ओळीत सांगतो. साइट्स म्हणजे रानातल्या प्राणी-वनस्पतींच्या देशादेशांतल्या व्यापारावरचा करार. जवळजवळ सगळे कॅक्टस त्यात येतात, बहुतेक परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे परमिट असेल तरच व्यापार, आणि एरिओकार्पस, स्टार कॅक्टस असे काही परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे रानातल्या झाडांचा धंद्यासाठी आंतरराष्ट्रीय व्यापार बंदच. आपल्याकडं वन्यजीव कायद्यात 2022 ला दुरुस्ती झाली, 1 एप्रिल 2023 पासून लागू, त्यात चौथ्या अनुसूचीत साइट्समधल्या जाती आल्यात. बाहेरून झाड आणायचं तर साइट्स परमिट पाहिजे, तिकडचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे झाडाला रोग-कीड नसल्याचा दाखला, पाहिजे, इकडचं इम्पोर्ट परमिट पाहिजे. 'मित्र घेऊन येतो बॅगेतून' याला कागद नसतो आणि पुढं काही निघालं तर झाड तुमच्या घरात असतं, त्याच्या नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न, सोलापुरात जगेल का. हे बऱ्याच गोष्टींवर आहे, झाड मुळं धरलेलं आहे का, कलम आहे का स्वतःच्या मुळावर, तुमची गच्ची पश्चिमेला उघडी आहे का. लोकांना वाटतं कॅक्टस म्हणजे वाळवंट, वाळवंट म्हणजे ऊन, मग सोलापूरचं ऊन त्याला काय. तसं नाही. कोपियापोआचं वाळवंट थंड आहे, समुद्राजवळचं, दिवसाही आपल्या डिसेंबरमधल्या सकाळसारखी हवा. आपल्याकडं मे महिन्यात 43-44 डिग्री आणि रात्रीपण गच्ची तापलेली, झाड तेव्हा झोपतं, पाणी घेत नाही, आणि आपण दया येऊन पाणी घालतो तिथं मरतं. वाढतं ते दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत. मुळं कापलेलं, कित्येक दशकं धुक्यावर जगलेलं झाड आपल्या उन्हाळ्यातून आणि नंतरच्या सप्टेंबरच्या ओल्या हवेतून निघणं फार कठीण, मी आजवर अशी चार झाडं लोकांकडं बघितली, दोन वर्षांच्या वर एकच टिकलं आणि तेही हिरवं पडून, राखाडी मेण गेलेलं. बियांपासून इथंच जन्मलेलं रोप मात्र इथल्या हवेला सरावतं, माझ्याकडं नऊ वर्षांचे कोपियापोआ आहेत, लिंबाएवढे झालेत, राखाडी रंग आत्ता आत्ता धरायला लागलेत.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर, ते झाड रानातलं असेल तर घेणं म्हणजे पुढच्या चोरीची ऑर्डर देणं आहे, सुटका तर नाहीच, जगण्याची शक्यता कमी, आणि कागद नसल्याचा भार तुमच्यावर. रानातलं नसेल तर अठरा हजार ही त्या खोट्या शब्दाची किंमत आहे.

तुम्ही शेवटी लिहिलंय 'मला खरंच काहीतरी करायचंय', ते वाचून मी हे एवढं लिहायला बसलो. तर माझा सल्ला, स्टार कॅक्टसपासून सुरू करा, अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियस. टेक्सासच्या दक्षिणेला रिओ ग्रांदेच्या काठचा भाग आणि पलीकडं मेक्सिकोतली तामाउलिपास आणि नुएवो लिओन ही राज्यं, एवढंच त्याचं घर. अमेरिकेत 1993 पासून तो धोक्यातल्या यादीत आहे. बिनकाट्याचा, आठ फाकींचा, वरून बघितला तर कुणी मोदक दाबून चपटा केल्यासारखा, अंगावर पांढरे ठिपके, पिवळं फूल आणि आत लालसर गाभा. रानात तो झुडपांच्या सावलीत जमिनीसपाट बसतो, झुडपं साफ करून जमीन गुरांसाठी, शेतीसाठी घेतली की हा गेलाच. पेयोटी हा नशेसाठी खाल्ला जाणारा, असाच बिनकाट्याचा कॅक्टस, तो काढणारे याला पेयोटी समजून उपटतात, हौशी लोक देखणा म्हणून उपटतात. आणि तरीसुद्धा बियांपासून करायला हा सगळ्यात सोपा, आपल्या हवेत मस्त चालतो, तीन ते पाच वर्षांत फुलतो. कुणाला रानातला उपटलेला घ्यायचं काही कारणच उरत नाही, जर बियांचा जवळच मिळाला तर.

बी भारतातल्याच एखाद्या वाढवणाऱ्याकडून घ्या, ज्याच्याकडं मूळ झाडं आहेत आणि तो दाखवायला तयार आहे. परदेशातून बी मागवायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका, परिशिष्ट एकमधल्या जातींच्या बियांनाही परमिट लागतं, आणि मेक्सिकोतून निघणाऱ्या कॅक्टसच्या बियांना तर कुठल्याही जातीचं असलं तरी लागतं.

पेरणी अशी करतो मी. केटरिंगवाल्यांचा झाकणाचा प्लास्टिक डबा, खाली तापलेल्या खिळ्यानं भोकं. मुरूम आणायचा, चाळायचा, ज्वारीच्या दाण्याएवढे खडे ठेवायचे, पीठ टाकून द्यायचं, त्यात विटेचा चुरा आणि अगदी थोडं चाळलेलं गांडूळ खत. काळी माती अजिबात नको, भिजली की चिखल आणि वाळली की भेगा, त्या भेगेत बारीक मुळं तुटतात. हे मिश्रण ओलं करून कुकरमध्ये वाफवून घ्यायचं, गार झालं की डब्यात. स्टार कॅक्टसचं बी हातावर घेऊन बघा एकदा, तपकिरी, चकचकीत आणि एका बाजूनं पोकळ, छोट्या होडीसारखं. ते नुसतं वर ठेवायचं, पुरायचं नाही. पाणी बोअरचं नको, आपल्याकडचं जड पाणी महिनाभरात वर पांढरा थर धरतं, आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं घ्या. झाकण लावून घरात खिडकीशी, थेट ऊन नको. चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवे मणी वर येतात, मोहरीपेक्षा जरा मोठे, इतकी वर्षं झाली तरी मी त्या दिवशी सकाळी उठून आधी डबा बघतो. दोन-तीन महिन्यांनी झाकण हळूहळू उघडायचं. पहिला उन्हाळा 50 टक्के शेडनेटखाली, कुंडी सरळ स्लॅबवर ठेवू नका, खाली फळी किंवा विटा, तापलेला स्लॅब मुळं भाजतो. एप्रिल ते पहिला पाऊस, पंधरा-वीस दिवसांनी संध्याकाळी घोटभर पाणी. आणि उत्तरा-हस्ताच्या पावसात वर पारदर्शक पत्रा पाहिजेच, सोलापुरात कॅक्टस उन्हानं कमी आणि सप्टेंबरनं जास्त मरतात.

किमान दहा-बारा रोपं करा, एक नको. हा स्वतःच्या परागानं बी धरत नाही, दोन वेगळ्या बियांची झाडं एकाच दिवशी फुललेली पाहिजेत, दुपारी बाराच्या पुढं फूल पूर्ण उघडतं तेव्हा मऊ ब्रशनं याचा पराग त्याला लावायचा. एकेका फळात बऱ्याच बिया मिळतात. त्या वाटा, विका, काही करा. तुमच्या ओळखीत पाच जणांकडं बियांचे स्टार कॅक्टस झाले की त्यांच्या मोबाईलवर तो 'हॅबिटॅट' वाला फोटो आला तरी त्यांना भुरळ पडणार नाही, त्यांना माहीत असतं खरी वाढ कशी दिसते. हे छोटं वाटेल पण मागणी अशीच एकेका माणसानं वाढली होती, कमीही तशीच होईल. फक्त एक भ्रम ठेवू नका की आपली गच्चीवरची रोपं पुढं जाऊन टेक्सासच्या माळावर लावता येतील, ती नाही लावता येणार, कारण आपल्या बियांची आजी-पणजी कुठल्या जागेवरची हे कुणालाच माहीत नाही. रानात परत लावायची रोपं तिथल्याच बियांपासून तिथलेच लोक करतात आणि ते त्यांचंच काम आहे.

अजून एक, आणि हे कॅक्टसच्या पलीकडचं. आपल्या महाराष्ट्राचीच शिंदळ माकुडी घ्या, फ्रेरिया इंडिका, कॅक्टस नाही पण मांसल खोडाचीच, शिवनेरीच्या कड्यापासून सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांवर उगवते, रानात जगात दुसरीकडं कुठंच नाही. फांदीपासून इतकी सहज लागते की बाहेरच्या देशांत हौशी लोकांच्या कुंड्यांत वाढतेय. पण कडे तेवढेच आहेत. ट्रेकला गेलात आणि अशी काही दिसली तर फोटो काढा, पण जागेचं नाव, लोकेशन टाकू नका, मोबाईलमधलं लोकेशन बंद करूनच फोटो पाठवा. फोटोतला पत्ता वाचून माणसं कुदळ घेऊन पोचतात, चिलीत हेच झालं. झाडाचा पत्ता आपल्या वहीत पाहिजे, जगाच्या भिंतीवर नाही.

नान्नजला माळढोकसाठी माळ राखला तेव्हा पण कित्येक लोक म्हणायचे की या पडीक जमिनीत राखायचं काय. अटाकामाबद्दल लोक तेच म्हणतात, नुसती वाळू आणि दगड. माझ्या मते माळ, वाळवंट यांना पडीक म्हणण्यातच अर्धं नुकसान झालेलं असतं, कारण पडीकातून काही उचललं तर कुणाला चोरी वाटत नाही.

त्या विक्रेत्याला आज उत्तर द्यायचं असेल तर भांडू नका, एवढंच लिहा की बियांपासून केलेलं असेल तर पेरणीचं साल आणि आई-झाडाचा फोटो पाठव, बाहेरून आणलं असेल तर साइट्सचा कागद पाठव. काही आलं नाही तर त्या अ‍ॅपवर जाहिरात रिपोर्ट करा, आणि तो असा माल सतत विकताना दिसला तर वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोला किंवा वन खात्याला कळवता येतं.

आणि गड्ड्याची यात्रा संपली, थंडी जरा ओसरली की फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात डबा लावा. पेरायच्या आधी पेन्सिलनं एक पट्टी लिहून डब्यात खोचा, पेन नको, उन्हानं उडतं. जातीचं नाव, बी कुणाकडून घेतलं, तारीख. माझ्या शेडमध्ये आज सगळ्यात जुनी पट्टी 2001 ची आहे, अक्षर अजून वाचता येतं.